चिकटवलेली पानं

२२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

प्रभूच्या नावात सलाम. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

फोनच करणार होते, पण फोनवर मी ओरडते, तू "काय? काय?" करतेस आणि आपल्या घरातलं सगळं दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना कळतं. म्हणून पत्र.

तर झालं असं, की आमचे पाळकसाहेब देवळातला दिवा बदलायला स्वतः शिडीवर चढले. दिवा बदलला गेला, पण पाळकसाहेब खाली आले ते पायऱ्यांवरून नाही. घोटा मोडलाय. सहा आठवडे प्लॅस्टर. आणि पुढच्या महिन्यात, सतरा ते एकोणीस, मंडळीच्या विश्रामगृहात त्यांना रिट्रीट घ्यायचं होतं. छोटंसंच. सात माणसं, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, सगळं मौनात. लोकांनी रजा काढल्यात, खोल्या ठरल्यात, आता रद्द करायचं सगळ्यांच्या जिवावर आलं. म्हणून परवा समितीचे तिघं माझ्या दारात हजर. "तुम्ही सिस्टरबाईंच्या भाची. त्यांनी तीस वर्षं रिट्रीटं घेतली. तुमच्या रक्तातच असणार."

आत्या, माझ्या रक्तात काय आहे ते मला मागच्याच महिन्यात कळलंय. साखर जरा जास्त आहे, बाकी काही नाही. मी कवळ्या करणारी बाई. दिवसभर मेण, प्लॅस्टर आणि लोकांचे दात. "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" बाहेर पडलं.

उतारे वाचेन, घंटा वाजवेन, चहाच्या वेळा सांभाळेन. तेवढं जमेल. पण प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पुढे बसून प्रार्थना करायची असते ना, ती माझ्याने होईल असं वाटत नाही. तुझी ती काळी वही पाठवशील का? जिच्यात तू सगळ्या रिट्रीटच्या प्रार्थना लिहून ठेवायचीस ती. तेवढ्या वाचून काढीन आणि सुटेन.

हे मजेत आहेत. भूक बघशील तर वीस वर्षांच्या मुलाची.

तुझी,
बबी

*

२७ सप्टेंबर

चि. बबी,

आशीर्वाद. खाली बसूनच होते. या वयात आम्ही दुसरं करतो काय?

शिडीवर चढणारे पाळक आणि स्वतःचं औषध स्वतःच ठरवणारे डॉक्टर, दोघांनाही मी नर्स होते तेव्हा वॉर्डात सारखंच झापलं असतं. ते असो. तू हो म्हणालीस ते बरं केलंस. घाबरायचं काय त्यात?

नीट ऐक. मौन म्हणजे तुरुंग नाही, हे पहिल्याच संध्याकाळी सांगून टाक. पहिल्या जेवणाला चमच्यांचे आवाज फार मोठे वाटतात आणि कुणीतरी फिस्सकन हसतं. हसू दे. एका घरातल्या दोन बाया असतील तर त्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसव, नाहीतर डोळ्यांनीच भांडी घासतात त्या. प्रत्येकाला वीस मिनिटं एकट्याने तुझ्याशी बोलायला दे, पण खोली अशी निवड की बाहेर शब्द जाणार नाही. आणि कुणी रडलं तर पाणी दे. खांद्यावर हात टाकून "रडू नका, रडू नका" करत बसू नकोस. रडायलाच आलेले असतात.

प्रार्थनेचं काय एवढं घेऊन बसलीस? चारचौघांत बोलायला तू लहानपणापासून लाजायचीस. नाताळात एकदा तुला चार ओळी म्हणायला उभी केली तर टेबलाखाली जाऊन बसली होतीस. एक ग्लास पाणी पी, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकव आणि सुरू कर. पहिलं वाक्य आलं की पुढची येतात.

वही मिळणार नाही. ती माझी आहे आणि कपाटातच बरी आहे.

तुझ्या नवऱ्याची भूक वाढली हे वाचून बरं वाटलं. एवढं मोठं ऑपरेशन झालेला माणूस. रोज आभार मान हो देवाचे.

आत्या

*

२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू समजलीस ते नाही गं. लाजण्याचं वय गेलं माझं. आता लाज वाटते ती वेगळीच. लिहूनच टाकते, तोंडाने मला सांगता येणार नाही.

चौदा महिने झाले, मी प्रार्थना केलेली नाही. एकदाही नाही. देवळात जाते, डोळे मिटते आणि बाकीच्यांचं संपेपर्यंत माझ्या बुटांचा विचार करते.

यांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई होती. शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मुलीचंही तेच ऑपरेशन, त्याच सकाळी, शेजारच्या खोलीत. मुलगी सव्वीस वर्षांची. आम्ही सात तास एकमेकींचे हात धरून बसलो. आळीपाळीने प्रार्थना केली. ती यांच्यासाठी मागायची, मी तिच्या मुलीसाठी. शब्द तेच, देव तोच. दुपारी यांना बाहेर आणलं. तिच्या मुलीला आणलं नाही.

मी त्या बाईला नीट भेटलेसुद्धा नाही गं. हे शुद्धीवर येत होते, मी आत धावले. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. तिचा पत्ता औषधाच्या पाकिटावर लिहून घेतलेला माझ्याकडे आहे. गेले नाही. काय तोंडाने जाऊ? "माझा वाचला" हे सांगायला?

तू म्हणतेस आभार मान. आभार मानायला तोंड उघडलं की ती बाई समोर येते आणि मी तोंड मिटते. आणि आभार नाही मानले तर मागू तरी काय? यांची तब्येत बरी, काम बरं चाललंय, तक्रार करायला जागा नाही. अशी बाई सात माणसांपुढे बसून "हे पित्या" म्हणणार. मला हे जमणार नाही. समितीला कळवते की दुसरं कुणीतरी बघा. म्हणजे निदान खोटं तरी नको.

बबी

*

८ ऑक्टोबर

बबी,

पत्र दोनदा वाचलं. उपदेश करत नाही.

समितीला काही कळवू नकोस. ती सात माणसं तुझ्यासाठी येत नाहीयेत. तू फक्त दार उघडायचं आणि घंटा वाजवायची.

वही पाठवते आहे. उताऱ्यांची आणि प्रार्थनांची पानं क्रमाने आहेत. जसंच्या तसं वाच, आपल्या पदरचं काही घालू नकोस. मधली काही पानं मी फार पूर्वीच चिकटपट्टीने एकमेकांना चिकटवून टाकलेली आहेत. ती माझी आहेत. ती उघडायची नाहीत.

आणि जायच्या आधी घरी बसून सगळं एकदा वाचून घे. हे विसरू नकोस.

आत्या

*

२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

रिट्रीट पार पडलं. माणसं आपापल्या घरी सुखरूप पोचली. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानंतर तू पत्र फाडशील.

शुक्रवार छान गेला. विश्रामगृह आहे तसंच आहे, लोखंडी खाटा आणि चार नंबरच्या खोलीचं कुरकुरणारं दार. माणसंही चांगली. एक बसड्रायव्हर, बायकोने बळेच पाठवलेला. दोन जावा, त्यांना तू म्हणालीस तसं वेगळं बसवलं, तरी त्या डोळ्यांनी बोलायच्याच. गणित शिकवणाऱ्या एक बाई. जुळ्यांची एक आई, तिने आल्या आल्या विचारलं, दार आतून लावता येतं का? येतं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एक लायब्ररीतले गृहस्थ. आणि तुझे घड्याळजी. त्यांचं नाव यादीत बघून मला धीर आला होता. तुझ्या जवळजवळ सगळ्या रिट्रीटना ते आणि त्यांची बायको असायची ना. बायको गेल्यावर इतक्या वर्षांनी हे पहिलंच, असं म्हणाले.

मी वहीतून वाचत होते. शुक्रवारची एक, शनिवारी सकाळची एक. लोक डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, निभावलं.

आत्या, मी वही घरी वाचून गेले नव्हते. तू बजावून सांगितलंस, मला ठाऊक आहे. पण बसले होते गं, तीनदा बसले. एकटीने बसून प्रार्थना वाचायची म्हणजे ती करावीच लागते. समोर माणसं असली की नुसतं वाचता येतं. म्हणून पहिल्यांदा वाचायचं ते थेट तिथेच, असं ठरवून गेले.

शनिवारी दुपारी तीनची बैठक. पान उलटलं. वर तुझं नेहमीसारखंच: "हे पित्या, ही माणसं घरदार सोडून आली आहेत, दमून आली आहेत, त्यांना विसावा दे." मी वाचत गेले. पुढे होतं: "आणि मला सांग, मी यांच्यापुढे कशी उभी राहू? दोन वर्षं होत आली. मी तुझं नाव घेते आणि पलीकडे कुणी नसतं. रिकाम्या वॉर्डात एकटीच बोलत असल्यासारखं वाटतं. यांना सांगितलं तर ही कुणाकडे बघतील? म्हणून मी बोलत राहते."

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण डोळे वाचत होते, तोंड बोलत होतं आणि अक्कल दोन ओळी मागून येत होती. पुढचंही वाचून गेले: "आज घड्याळजींच्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती रडत होती, आणि माझ्या मनात सुपात मीठ कमी पडलं एवढंच होतं."

खाली बघितलं तर पिवळी पडलेली चिकटपट्टी माझ्या मांडीवर. पार सुकून गेली होती, पानं आपोआप सुटली होती.

मौन असल्यामुळे कुणी काही बोलू शकत नव्हतं. कुणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मी वही मिटली. म्हटलं, "हे मी वाचायला नको होतं. जिने लिहिलं तिची मी क्षमा मागेन. पण वाचलंच आहे तर सांगते, माझंही हेच आहे. चौदा महिने." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मग काय झालं सांगू? बसड्रायव्हरने हात वर केला. शाळेत करतात तसा, काही न बोलता. मला वाटलं, यांना बाहेर जायचंय. पण ते बसूनच राहिले, हात वर. मग धाकट्या जावेने हात वर केला. थोरलीने तिच्याकडे बघितलं आणि तिनेही केला. मग गणिताच्या बाईंनी. सातांतले चार हात वर, आणि मी पाचवी. घड्याळजी उठले आणि बागेत निघून गेले.

पुढची बैठक मी वहीशिवाय घेतली. "ज्यांना येत असेल त्यांनी करा, बाकीचे नुसते बसू," एवढंच म्हटलं आणि बसलो. चादरी ठेवायच्या खोलीत मी एकेकाला भेटत होते, तिथे आले ते सगळे बोलले. ड्रायव्हर म्हणाले, "मला वाटायचं, वर सगळ्यांचा फोन लागतो, माझाच तेवढा लागत नाही." जुळ्यांची आई म्हणाली, "मी उताऱ्याला झोपले, मननाला झोपले, हात वर करायलासुद्धा जागी नव्हते. पाप लागेल का?" मी म्हटलं, "जा, अजून झोप." लाज वाटते सांगायला आत्या, पण चौदा महिन्यांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आणि ते हलकेपण तुझ्या जिवावरचं आहे, हे मला कळतंय.

घड्याळजी चादरींच्या खोलीत आलेच नाहीत. रविवारी मौन सुटलं, सगळे एकदम बोलायला लागले, त्या गलक्यात त्यांनी पिशवी उचलली आणि मला एवढंच विचारलं, "सिस्टरबाई हल्ली कुठे असतात?" मी पत्ता दिला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीही कळलं नाही. तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आज कामावर न जाता हे लिहिते आहे.

मला क्षमा कर. जमलं तर.

बबी

*

३ नोव्हेंबर

आत्या,

दोन आठवडे झाले. रोज पेटी बघते. परवा फोनही केला, तुमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, "त्या म्हणतात मला ऐकू येत नाही."

शिव्या दे, पण लिही. माझं चित्त कशात लागत नाही. काल एका माणसाच्या कवळीला खालचे दात वर बसवले. डॉक्टर हसले, मी रडले.

बबी

*

६ नोव्हेंबर

बबी,

दोन्ही पत्रं मिळाली.

घड्याळजींच्या बायकोच्या उशाशी मी शेवटच्या दिवशी बसले होते. तिच्या नवऱ्याने सत्तावीस वर्षं मला मान दिला. त्याच्यासमोर ते वाचलं गेलं.

वही रजिस्टरने परत पाठव.

आत्या

*

१५ नोव्हेंबर

माझी बबी,

वही अजून पाठवली नसशील तर पाठवू नकोस. पाठवली असशील तर आली की परत तुलाच पाठवते. बस आता तू खाली. तुझी पाळी.

मंगळवारी दुपारी आमच्या दारावरची मुलगी सांगत आली, भेटायला कुणीतरी आलंय. घड्याळजी. सहा तास बसने. पिशवीत अवजारं आणि एक डबा बिस्किटं. मी म्हटलं, बाई, आली वेळ. खुर्ची दिली. बसले, पण बोलेनात. मग भिंतीवरच्या माझ्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "हे मागे पडतंय." आणि ते उतरवून, मांडीवर घेऊन उघडूनच बसले. हात रिकामे असले की त्यांना बोलता येत नाही, हे मी विसरले होते.

मी आधीच सुरुवात केली. म्हटलं, "घड्याळजी, तुमची आणि त्यांची, दोघांची मी अपराधी आहे. त्यांनी माझ्याकडे विश्वासाने डोकं वाकवलं, आणि मी आत रिकामी होते."

ते मान वर न करता म्हणाले, "सिस्टरबाई, आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तुमच्या प्रार्थना लांबायला लागल्या होत्या. पूर्वी तुम्ही चार वाक्यं बोलायचात आणि आमेन. मग एकदम पंधरा-पंधरा मिनिटं. माणसाला किल्ली सापडत नसली की तो सगळे खण उघडत बसतो, तसं. माझी बायको मला म्हणाली, सिस्टरबाईंना काहीतरी सापडत नाहीये. त्या सांगणार नाहीत. आपण त्यांच्यासाठी मागू या."

त्यांनी एक बारीक स्क्रू काढून बशीत ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात तेव्हा ती रडत होती ना, ती दुखण्यापायी नाही. ती तुमच्यासाठी मागत होती. घरी आल्यावर मला सांगितलं तिने. जाईपर्यंत रोज मागायची. तुमच्या भाचीने ते वाचलं तेव्हा मला वाटलं, आत्ता ती हवी होती. तिला म्हटलं असतं, बघ, तुझं बरोबर होतं. म्हणून मला बागेत जावं लागलं. तिथे बसून पोटभर रडलो मी."

मग चष्मा पुसून म्हणाले, "आणि मीठ कमीच होतं. सूप मी केलं होतं."

मी सत्त्याहत्तर वर्षांची बाई, शेकडो मरणं बघितलेली. मी भोकाड पसरलं. दारावरची मुलगी धावत आली, तिला वाटलं घड्याळजी मला काही बोलले. तिला बाहेर घालवलं आणि आम्ही दोघांनी बिस्किटांचा डबा संपवला. किती हसलो म्हणून सांगू! सत्तावीस वर्षं मी जे पट्ट्या लावून लावून झाकलं, ते त्यांच्या घरी रोजच्या प्रार्थनेत होतं.

तुला विचारायचं असेल, माझं ते संपलं कसं. मला खरंच ठाऊक नाही. तुझ्यासारखं कारणही नव्हतं मला, हेच तर लाजिरवाणं होतं. घड्याळजींची बायको गेल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी थर्मामीटर झटकता झटकता "देवा, आजचा दिवस सांभाळ" म्हणून गेले, आणि वाटलं, ऐकलं कुणीतरी. मी काही केलं नव्हतं.

आता माझा अपराध. तू पत्रात सगळं उघड केलंस, तेव्हा मी तुला एवढंच लिहायला हवं होतं की "मलाही झालं होतं." त्याऐवजी मी तुला वही पाठवली आणि "आपल्या पदरचं काही घालू नकोस" म्हणून बजावलं. भाचीला नाही गं बजावत होते, मी माझी पानं सांभाळत होते. मला क्षमा कर बबी. तू ती वाचलीस हे फार चांगलं झालं. सहा तारखेला मात्र हे लिहिलं असतं, असं मी म्हणत नाही. तेव्हा मला तुझे कान उपटायचे होते.

एक सांगते ते करायचं. तुझ्या वाटणीचं मागणं आजपासून मी मागते. त्या कामातून तू रजेवर. त्याबदल्यात त्या गणवेश शिवणाऱ्या बाईकडे जा. आभार मानायला नको, क्षमा मागायलाही नको. नुसती जा. नवऱ्याला बरोबर ने, तू एकटी अर्ध्या वाटेतून परत फिरशील.

तुझी,
आत्या

*

३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

गेले.

काल शनिवारी दुपारी. खरंच अर्ध्या वाटेत म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. यांनी गाडी थांबवलीच नाही. तिसऱ्या मजल्यावर घर. हे म्हणाले, "तू हो पुढे, मी गाडीला जागा बघतो." मला कळलं, मुद्दाम मागे राहतायत.

दार तिनेच उघडलं. गळ्यात मोजपट्टी, ब्लाउजला दोन टाचण्या. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. आणि आत्या, मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तिने चौकट धरली. मला वाटलं, झालं, आता ही दार लावून घेणार.

ती म्हणाली, "कधी गेले हो?"

मी म्हटलं, "कोण?"

"तुमचे मिस्टर."

"गेले नाहीत," म्हटलं, "खाली आहेत."

"खाली म्हणजे?"

"खाली रस्त्यावर. गाडी लावतायत."

ती मला तशीच दारात सोडून गॅलरीकडे धावली. मी तिच्यामागून. शिवणयंत्रापाशी कापडांचा ढीग होता, तो तिच्या पायाने पडला, तिने वळूनही बघितलं नाही. कठड्यावरून खाली वाकली. हे फुटपाथवर उभे, गाडीला टेकून सफरचंद खात होते. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे खोलीत जाताना यांनी तिला नमस्कार केला होता, तेवढंच तिने यांना बघितलेलं.

"तेच ना?" म्हणाली.

"तेच."

"तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली. "बाकावर म्हणाला होतात, काही झालं तरी भेटायला येईन. आला नाहीत, तेव्हा मला वाटलं, तुमचेही गेले. सव्वा वर्ष मी दोघंही गेले असंच धरून चालले होते. एकाच सकाळी दोघंही."

मी तिच्यापासून यांचं जगणं लपवत होते, की तिला लागेल. आणि ती इतके दिवस माझ्यासाठीसुद्धा रडत होती. मी काहीतरी बोलणार होते, क्षमेचं वगैरे, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती यांना खाताना बघत होती. मग दोन्ही हातांनी कठडा धरून मोठ्याने म्हणाली, "देवा, तुझे आभार. एक तरी घरी आलं."

आत्या, याच वाक्याला मी इतके दिवस घाबरत होते. मला वाटायचं, हे मी म्हटलं तर तिच्याकडून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं होईल. ते तिनेच म्हटलं. आणि माझ्या तोंडून "आमेन" निघालं. मी काढलं नाही, निघालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग आम्ही दोघी जे रडलो ते खालून यांना दिसलं. सफरचंद तसंच हातात धरून हे तीन मजले धावत वर आले, मला ओरडायचं भान राहिलं नाही की अहो, तुम्हाला धावायला बंदी आहे.

बबी